‘टेन्शन आहे’ असे कोणी म्हणाले तर : ताण, आरोग्य आणि आपली जबाबदारी



या अंकातील पाठासाठी आपण एक असा विषय घेतला आहे, जो आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, पण ज्याबद्दल मंडळीत आपण क्वचितच मोकळेपणाने बोलतो. तो विषय म्हणजे मनावरचा ताण.

पवनी तालुक्यातील आसगाव आणि आसपासच्या चौरास भागात रोवणीच्या दिवसांत कोणाच्याही घरी जा. बाई पहाटे चारला उठलेली असते. स्वयंपाक, पाणी, गुरे, मुलांची शाळा आटोपून ती दिवसभर बांधीत वाकून रोवणी करते. संध्याकाळी परत आली की पुन्हा चूल. तिला विचारले, “कशी आहेस बाई?” तर ती म्हणेल, “डोकं दुखते, झोप येत नाही, छातीत धडधड होते.” तिच्या नवऱ्याला विचारले तर तो एकच शब्द बोलेल, “टेन्शन आहे.” दोघेही दवाखान्यात जातात तेव्हा डोकेदुखीची, अ‍ॅसिडिटीची, अशक्तपणाची गोळी मागतात. मनात काय चालले आहे ते सांगत नाहीत आणि बहुधा कोणी विचारतही नाही.

म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ. ताण म्हणजे काय, तो शरीराचे काय करतो, आणि तो हलका करण्यासाठी स्वतः व एकमेकांसाठी काय करता येते.

१. ताण म्हणजे काय?

धानाच्या बांधावरून चालताना अचानक साप दिसला तर काय होते? छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातपाय ताठ होतात, तोंड कोरडे पडते. विचार करण्याआधीच आपण मागे उडी मारतो. ही शरीराची व्यवस्था आहे. मेंदूने धोका ओळखताच मूत्रपिंडावरच्या दोन लहान ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. रक्त पोटाकडून हातापायांकडे वळते, साखर वाढते, म्हणजे पळायला किंवा लढायला बळ मिळते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या पुस्तकात याचे वर्णन केले. ही व्यवस्था नसती तर माणूस जगलाच नसता. त्यामुळे थोडा ताण वाईट नाही. परीक्षेच्या आधी अभ्यास होतो, पाऊस येण्याआधी कापलेले धान झाकून होते, ते याच बळावर.

साप निघून गेला की काही वेळाने शरीर शांत होते. अडचण तेव्हा येते, जेव्हा धोका निघून जात नाही. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, घरातले आजारपण, दारू पिणारा नवरा, ही संकटे महिनोन्महिने अंगणात बसून असतात. शरीराला साप आणि कर्ज यांतला फरक कळत नाही. ते दोन्हींसाठी तशीच तयारी करते, आणि दीर्घ काळच्या ताणात कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य रक्तात वारंवार वाढत राहते.

१९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगात पाहिले की थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषध अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीरावर होणारा परिणाम बराचसा सारखाच होतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आकसतात आणि पोटात व्रण होतात. पुढे याच अवस्थेसाठी त्यांनी ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ केला. आपण त्यालाच ताण म्हणतो.

२. ताणाने शरीराचे काय होते?

बैल सतत जुंपलेला ठेवला तर तो जसा थकतो, तसेच शरीराचे होते. दीर्घ काळच्या ताणाचे काही परिणाम पुढीलप्रमाणे आहेत.

- रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.
- रक्तातील साखर वाढते. मधुमेह असलेल्यांची साखर आटोक्यात राहत नाही.
- भूक मरते किंवा उगाचच खा-खा होते. अ‍ॅसिडिटी, पोटदुखी, जुलाब यांचा त्रास वाढतो.
- झोप लागत नाही, किंवा रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग विचार सुरू होतात.
- मान, पाठ, डोके दुखत राहते. स्त्रियांची पाळी अनियमित होऊ शकते.
- चिडचिड, विसराळूपणा, कामात मन न लागणे, माणसांत नकोसे वाटणे सुरू होते.

ताणाने जखमासुद्धा उशिरा भरतात. १९९५ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि असा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर डॉक्टरांनी सारखीच छोटी जखम केली. भार नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्यांची भरायला सुमारे ४९ दिवस लागले. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची किंवा अपंग मुलाची सेवा करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. तुमचा थकवा खोटा नाही. तो शरीरात दिसतो.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम यांनी जसा वेदनेचा झटका येतो, तसा मानसिक ताणानेही येऊ शकतो. त्यामुळे अशा घरातील मुलाला “नाटक करतो” म्हणून रागावणे हे आजार वाढवणे आहे.

३. आपल्या भागातील ताण कोठून येतो?

शहरातील ताणावर पुष्कळ लिहिले जाते. आपला ताण वेगळा आहे, आणि तो आपल्या जमिनीतून आणि पाण्यातून येतो.

भंडारा हा धानाचा जिल्हा. पाऊस लांबला तर पऱ्हे वाळतात, रोवणी थांबते. पाऊस जास्त झाला तर बांध्या बुडतात. पीक हाताशी आले की तुडतुडा लागतो किंवा रानडुकरे शिरतात. धान विकले तरी चुकारा हाती येईपर्यंत दुकानदाराची उधारी थांबत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा जिल्ह्यातील नदीकाठच्या लोकांनी घरातील धान्य, कपडे, कागदपत्रे पाण्यात गेलेली पाहिली. पाणी दोन-तीन दिवसांत ओसरले, पण त्यानंतर पावसाची सर आली की ज्यांची छाती धडधडते अशी माणसे आजही आपल्यात आहेत.

पवनी तालुक्यातच गोसीखुर्द धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. धरणाच्या पाण्याने शेते भिजली हे खरे. पण ज्यांची गावे उठली त्यांना घर, शेत, देवघर, शेजार सोडून नव्या जागी सगळे पुन्हा उभे करावे लागले. गाव सोडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. जंगलाजवळच्या आदिवासी वस्त्यांमध्ये मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाची भीती, बाकीच्या दिवसांत कामासाठी परगावी जाणे, मागे म्हातारी माणसे आणि लहान मुले.

हा ताण कोणाच्या आळसामुळे किंवा दुबळेपणामुळे आलेला नाही. हे आधी मान्य केले पाहिजे.

४. ताण म्हणजे विश्वासाची उणीव का?

मंडळीत कधीकधी असे म्हटले जाते की, “विश्वास असेल तर चिंता कशाला?” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला दोन ओझी होतात. एक मूळचे, आणि दुसरे “माझाच विश्वास कमी पडला” हे.

पवित्र शास्त्रात १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढे मोठे काम करून आला होता. ईजबेल राणीची धमकी कानी पडताच तो जिवाच्या भीतीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला तेथे काय दिले? उपदेश दिला नाही, दोषही दिला नाही. आधी झोप दिली. मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठून जेवला. त्यानंतर लांबचा प्रवास झाला आणि होरेबावर त्याचे सर्व म्हणणे ऐकून घेतले गेले. “मी एकटाच उरलो” असे तो दोनदा म्हणाला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की तू एकटा नाहीस. त्याला पुढचे काम मिळाले आणि सोबतीला अलीशा मिळाला.

झोप, अन्न, ऐकणारा, सोबती आणि एक ठरावीक काम. आजचे मानसिक आरोग्याचे जाणकारही साधारण याच गोष्टी सांगतात.

५. स्वतःसाठी काय करता येईल?

_श्वास._ दिवसातून दोनदा पाच मिनिटे शांत बसा. नाकाने हळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. मग सहापर्यंत मोजत हळूहळू सोडा. श्वास सोडणे लांबले की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला “धोका टळला” असा निरोप जातो. याला पैसा लागत नाही. बांधावर बसूनही करता येते.

_झोप._ झोपण्याची आणि उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा. अंथरुणात पडल्यावर मोबाइल दूर ठेवा. रात्री हिशेब मनात फिरत असतील तर झोपण्याआधी ते वहीत लिहून ठेवा. सकाळी पाहता येतात.

_चालणे-बोलणे._ दिवसभर शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको, पण विसावा हवा. बसून काम करणाऱ्याने मात्र रोज अर्धा तास चालावे. शक्यतो कोणासोबत तरी चालावे.

_ओझ्याची वाटणी._ कागदावर दोन रकाने करा. एकात जे आपल्या हातात आहे ते लिहा, दुसऱ्यात जे हातात नाही ते. पाऊस आपल्या हातात नाही. पीक विम्याचा अर्ज वेळेत भरणे, बँकेत जाऊन कर्जाची मुदत विचारणे, बचत गटात आपली अडचण सांगणे हे हातात आहे. पहिल्या रकान्यातील सर्वांत लहान काम आजच करा.

_खर्रा आणि दारू._ आपल्या भागात ताण आला की हात खर्ऱ्याच्या पुडीकडे जातो. तंबाखूतील निकोटिनने क्षणभर बरे वाटते, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. थोड्या वेळाने पुन्हा तलफ येते, आणि तीच तलफ आपल्याला ताण वाटू लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. दारूने झोप लागल्यासारखे वाटते, पण ती झोप तुटक असते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक खचते. घरच्यांचा ताण तर दुप्पट होतो.

_प्रार्थना._ प्रार्थना ही मन मोकळे करण्याची जागा आहे. ती अवश्य करा. पण प्रार्थना करणाऱ्यानेही रक्तदाबाची गोळी बंद करू नये, आणि मनाच्या आजाराचे औषध डॉक्टरांना न विचारता सोडू नये.

६. शेजारी मदत करू शकतो का?

पुष्कळांना वाटते की हे काम मोठ्या डॉक्टरांचे आहे, आपण काय करणार? याचे उत्तर आपल्या विदर्भातूनच मिळाले आहे.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवण्यात आला. विदर्भातील ताण आणि आरोग्य यांवरचा हा उपक्रम होता. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. ते घरोघरी जाऊन मनाच्या आरोग्याबद्दल बोलत, त्रासात असलेल्यांचे ऐकून घेत, समुपदेशन करत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्याने त्रस्त असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७ झाले.

गोव्यातील संगात या संस्थेच्या संशोधनाचे निष्कर्षही २०१७ सालचेच आहेत. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा भेटून मदत केली. त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता. रुग्णाने बंद केलेली छोटी-छोटी कामे आणि भेटीगाठी त्याला हळूहळू पुन्हा सुरू करायला लावणे. तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळालेल्या १०० पैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना ही मदत मिळाली नाही, फक्त डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ३९ होते.

म्हणजे ज्याला ऐकता येते, जो शिकायला तयार आहे आणि जो पुन्हा पुन्हा येतो, तो शेजारीही मोठा आधार होऊ शकतो. मंडळीतील सभासदांजवळ आणि या कार्याला मदत करणाऱ्यांजवळ हे तिन्ही आहे.

७. कसे ऐकावे?

१. वेळ काढून जा. दारात उभे राहून “बरं आहे ना?” विचारले की उत्तर “बरं आहे” असेच येते. खाली बसा, चहा घ्या.

२. कमी बोला. समोरचा गप्प झाला तर लगेच ती जागा भरू नका.

३. “माझ्यापेक्षा तुझं बरं आहे”, “एवढ्याने कोणी रडते का?”, “पाप केले असेल” असे बोलू नका. “हे सोसणे सोपे नाही” एवढे म्हटले तरी पुरते.

४. आदिवासी पाड्यावर गेलात तर त्यांच्या बोलीत बोलणाऱ्याला सोबत न्या. दुःख आपल्या बोलीतच नीट सांगता येते.

५. ऐकलेले गावात सांगू नका. प्रार्थनेचा विषय म्हणूनही त्यांच्या परवानगीशिवाय नाव घेऊ नका.

६. निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगा, आणि त्या दिवशी जा.

८. केव्हा थांबायचे नाही?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम सगळे बिघडले असेल, माणूस “मी सगळ्यांना ओझं झालो” असे म्हणत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, कागदपत्रे आवरत असेल, अचानक निरोप घेतल्यासारखे बोलत असेल, तर उशीर करू नका. सरळ विचारा, “जीव द्यावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर “हो” आले तर त्याला एकटे सोडू नका. घरातील फवारणीचे औषध लगेच बाहेर काढून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. तो क्षण टळला तर जीव वाचतो. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या खूप कमी झाल्या, हा अनुभव जगासमोर आहे.

मग आशाताईंना कळवा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही.

पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे विष घेतलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला कचरतात. असे कधीही करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. कायद्यानेही त्या माणसाच्या ताणाला ओळखले आहे. आपण तर त्याचे शेजारी आहोत.

मंडळीत आणि कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिनाभरात तुमच्या शरीराने ताणाची कोणती खूण दाखवली?

२. एलीयाला मिळालेल्या गोष्टींपैकी (झोप, अन्न, ऐकणारा, सोबती, काम) सध्या तुमच्या घरात कोणाला काय हवे आहे?

३. आपल्या मंडळीतील कोणते बोलणे दुःखी माणसाचे ओझे वाढवते? त्याऐवजी काय बोलता येईल?

४. आपल्या घरात फवारणीचे औषध कोठे ठेवलेले असते? ते कुलपात आहे का?

या तीन महिन्यांसाठी एक काम : प्रत्येक कुटुंबाने एक घर निवडावे. आजारी माणूस असलेले, विधवा भगिनीचे, पीक गेलेले किंवा कामासाठी परगावी गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांचे. पंधरा दिवसांतून एकदा तेथे जाऊन अर्धा तास बसावे. काही नेले नाही तरी चालेल. रोवणीच्या दिवसांत वेळ मिळत नाही हे खरे, म्हणून त्या भगिनीच्या बांधीतच जा, दोन ओळी रोवू लागा आणि तिला विचारा, “कशी आहेस बाई?” मग उत्तर येईपर्यंत थांबा.